दीड गाडीचं देणं

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो, तो 2019 चा जानेवारी होता. धान चुरून झालं होतं, गावाबाहेर तणसाचे ढीग उभे होते आणि कठाणीच्या पात्रात पाणी घोट्याएवढंच उरलं होतं. राखेवर आधी दूध शिंपडलं, मग पाणी. थोरल्या काकांनी एकेक हाड वेचून पाटीत ठेवायला सुरुवात केली. माझ्या हाताला मनगटाजवळचं असावं असं एक लहान हाड लागलं. पांढरं, हलकं, दोन बोटांत दाबलं की खडूसारखं भुरभुरणारं. बोटांना लागलेली ती पूड मी बराच वेळ पुसली नाही.

चौतीस वर्षं मी धानोरा तालुक्यात कृषी सहायक म्हणून काम केलं. नत्र, स्फुरद, पालाश हे तीन शब्द रोज तोंडी असायचे. त्यामुळे ती पूड काय आहे हे मला कळत होतं. जळून उरलेल्या हाडात मुख्यत्वे कॅल्शियम आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतं. हेच स्फुरद मी शेतकऱ्यांना पोत्यातून घ्यायला सांगत आलो होतो.

वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. त्याआधी दोनेक वर्षं, रोवणीच्या दिवसांत, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून त्यांनी मला सांगितलं होतं, "मले नदीत नोको सोडू. बांधीत टाक. लय खाल्लं मी तिचं."

बांधी म्हणजे आमचं धानाचं शेत. मी "बरं" म्हणालो होतो. अशा वेळी मुलगा दुसरं काय म्हणणार? पण पाटी घेऊन घरी आलो आणि आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती ती सरळ झाली. "तुया बापाचा सारा जलम बांधीतच गेला रे," ती म्हणाली. "आता तरी वाहू दे त्यायले."

आमच्याकडे अस्थी मार्कंड्याला नेतात. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर मार्कंडदेवाचं देऊळ आहे. नदी तिथे उत्तरवाहिनी होते म्हणून ती जागा विशेष पवित्र मानतात. आईच्या मनात मुक्तीचा अर्थ वाहणं हा होता. वडिलांच्या मनात फेड हा होता. दोघांचंही बोलणं माझ्या काळजाला लागलं आणि त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्यामागे लागला. माणसावर मातीचं ऋण असतं का? असलं, तर ते कशाने फिटतं?

आपल्या परंपरेत ऋणाचा विचार फार जुना आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचं चक्र येतं. अन्नातून जीव, पावसातून अन्न, यज्ञातून पाऊस. ज्याच्याकडून मिळालं त्याला परत न देता जो नुसता भोगतो, त्याला तिथे चोर म्हटलं आहे. लहानपणी हे ऐकलं तेव्हा यज्ञ म्हणजे होमकुंड एवढंच डोळ्यांसमोर यायचं. नोकरीत माती हाताळायला लागल्यावर या चक्राचा दुसरा अर्थ हळूहळू उमगत गेला.

पिकाला लागणारा नत्र हवेत अमाप आहे. तूर, लाखोळी, धैंचा यांच्या मुळांवरच्या गाठी तो हवेतून ओढून घेतात, विजेच्या कडकडाटातही थोडा खाली येतो. पालाश मातीतल्या खनिजांत बराच असतो. स्फुरदाला मात्र आभाळातून यायची वाट नाही. ते खडकातून येतं, फार संथ येतं, आणि धानाच्या दाण्यात बसून गावाबाहेर जातं. म्हणजे नत्राच्या बाबतीत आपण निसर्गाचे पाहुणे असू, स्फुरदाच्या बाबतीत ऋणको आहोत.

एका रात्री मी हिशेब मांडला. वडिलांची तीन एकर बांधी. एकरी सरासरी आठ क्विंटल धान धरलं तर वर्षाला चोवीस क्विंटल. एक किलो धानात साधारण अडीच ग्रॅम स्फुरद असतं. म्हणजे दरवर्षी सहा किलो स्फुरद त्या बांधीतून दाण्यात चढलं. पन्नास वर्षांत तीनशे किलो. त्यातलं काही घरात खाल्लं गेलं, बरंच आधी व्यापाऱ्याकडे आणि पुढे खरेदी केंद्रावर गेलं, तिथून गिरणीत. तांदूळ पांढरा करताना जो कोंडा निघतो त्यातच दाण्यातलं बहुतेक स्फुरद असतं, आणि तो कोंडा काही आमच्या गावात परत येत नाही.

आता पाटीतल्या अस्थी. धडधाकट माणसाच्या अंगात सुमारे सातशे ग्रॅम स्फुरद असतं, त्यातलं शेकडा पंच्याऐंशी हाडांत आणि दातांत. वडील वाळकुडे होते, अर्धा किलो धरू. पन्नास वर्षांच्या तीनशे किलोंपुढे अर्धा किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखताशी ताडून पाहिलं, तर आमच्या बैलगाडीच्या हिशेबाने ते दीड गाडी खत होतं. डीएपीच्या एका पोत्यात सुमारे दहा किलो स्फुरद येतं, म्हणजे माझ्या वडिलांच्या वीसपट.

तो आकडा पाहून मी वही मिटली. वडील दीड गाडी शेणखताइतके, हे वाचायला कठोर वाटेल. मला तेव्हा ते तसं वाटलं नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांचं वजन कळलं. आणि हेही कळलं की मरून ऋण फिटत नाही. ज्यांना वाटतं की देह मातीला दिला म्हणजे हिशेब मिटला, त्यांनी हा दीड गाडीचा आकडा लक्षात ठेवावा. फेड करायची ती जिवंतपणी, दरवर्षी: उकिरड्यातून, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या गाळातून, गिरिपुष्पाच्या पाल्यातून.

मग वडिलांच्या इच्छेला अर्थ काय उरला? या प्रश्नाकडे यायच्या आधी मातीचा एक स्वभाव सांगायला हवा, कारण माझं उत्तर मला त्याच स्वभावात सापडलं.

आमच्या झाडीपट्टीत मातीची नावं जुनी आहेत: कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बर्डी. आमची बांधी खरडीकडे झुकणारी, लालसर, किंचित आम्ल. अशा मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. स्फुरद पडलं की ते त्याला घट्ट धरून ठेवतात. काळ्या कन्हारीत हेच काम चुना करतो. त्यामुळे पोत्यातून टाकलेल्या स्फुरदातलं पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागतं ते फार तर पाचवा हिस्सा. बाकीचं मातीतच असतं, पण मुळाला मिळत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात 'उपलब्ध स्फुरद' असा शब्द असतो. नवा असताना मला तो सरकारी शब्द वाटायचा. आज वाटतं, 'उपलब्ध' या एका शब्दात मोठं तत्त्वज्ञान आहे. असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. धनाढ्याच्या घरात धान्य असतं, म्हणून गावातली भूक भागत नाही. माणसाच्या मनात माया असते, पण तिला वाट मिळाली नाही तर पोरांना तिचा पत्ताही लागत नाही. वडील तसेच होते. त्यांनी मला कधी जवळ घेतलेलं आठवत नाही. पण शाळेला निघताना माझ्या डब्यातला भात दाबून भरलेला असे, आणि तो आई नाही, ते भरत, हे मला फार उशिरा कळलं.

कोंडलेलं मोकळं कसं होतं? बांधीत पाणी साचतं तेव्हा मातीतली हवा निघून जाते, लोहाचं रूप बदलतं आणि त्याने धरून ठेवलेलं स्फुरद सुटतं. आषाढात चिखलणी करून आपण पाणी बांधतो ते रोवणीसाठी, पण त्याच पाण्याने मातीची मूठ सैल होते. शेणखत कुजताना जी आम्लं तयार होतात तीही हेच करतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणू तर आता पाकिटातून मिळतात. पऱ्ह्यांची मुळं त्या द्रावणात बुडवून रोवणी करायला मी शेकडो शेतकऱ्यांना शिकवलं.

पण सर्वांत जास्त नवल मला धुऱ्यावरच्या तुरीचं वाटलं. आमच्याकडे बांधीच्या धुऱ्यावर तूर लावायची रीत आहे. वडील दरवर्षी लावायचे. मी म्हणायचो, घरच्या वरणापुरती सोय. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये दाखवून दिलं की तुरीच्या मुळांतून असे आम्ल पदार्थ पाझरतात जे लोहाने धरलेलं स्फुरद सोडवून घेतात. इतर पिकांना जे मिळत नाही ते तुरीला मिळतं, तिच्या पानांत चढतं, आणि पानं गळून बांधीत पडतात. वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या वडिलांनी लावली म्हणून त्यांनी लावली. रीत पुष्कळदा ज्ञानाच्या आधी पोचलेली असते, हे मी तेव्हापासून मानतो. म्हणून एखादी रीत मोडण्याआधी ती नीट पाहून घ्यावी.

आणि ज्ञान घाईने वापरलं की काय होतं, तेही सांगतो. नोकरीच्या मधल्या काळात आमच्याच बांधीत मी सलग तीन वर्षं डीएपी वाढवत नेलं. स्फुरद कमी आहे ना, मग घाला. तिसऱ्या वर्षी रोवणीनंतर तीन आठवड्यांनी धानाच्या खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आले, रोपं खुजी राहिली, बांधीत चट्टे पडले. वडील नुसते पाहत राहिले. मला बोलले नाहीत. तो खैरा होता, जस्ताची उणीव. पाणी साचल्यावर स्फुरद सुटतं, पण जस्त अडतं, आणि वरून स्फुरदाचा मारा झाला तर मुळाला जस्त आणखीच मिळेनासं होतं. हेक्टरी पंचवीस किलो झिंक सल्फेट घालायचं, एवढी साधी गोष्ट मी इतरांना सांगत होतो आणि घरच्या मातीचं परीक्षण मात्र करून घेतलं नव्हतं. चूक माझी होती. एकाच देवाला भरमसाठ नैवेद्य दाखवला आणि दाराशी उभा असलेला दुसरा उपाशी ठेवला.

खैरा जस्ताच्या अभावाने होतो हे 1966 मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. यशवंत नेने यांनी शोधून काढलं. याच नेन्यांनी पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात जुनी कृषिशास्त्रं उजेडात आणायला संस्था काढली आणि सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' 1996 मध्ये प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात कुणपजल सांगितलं आहे. कुणप म्हणजे प्रेत. मांस, मज्जा पाण्यात शिजवून, कुजवून झाडांना घालायचं खत. ज्या संस्कृतीने प्रेताला शिवलं की अंघोळ सांगितली, तिच्यातच एका वैद्याने प्रेताच्या नावाचं खत लिहून ठेवलं. शुद्ध-अशुद्धाचा विचार आपल्या पूर्वजांनी आपल्याला वाटतो त्याहून खोल जाऊन केला होता.

हे मला महत्त्वाचं होतं, कारण मातीच्या दृष्टीने अस्थींची पूड थेट बांधीत टाकण्यापेक्षा शेणात कुजवलेली बरी. कुजताना निघणारी आम्लं हाडातलं स्फुरद हळूहळू सोडवतात. पण बापाच्या अस्थी उकिरड्यात? थोरल्या काकांना मी हे विचारलं तेव्हा ते उठून गेले.

शेजारच्या टोल्यावर एक गोंड वडीलधारे आहेत. मी त्यांना दादा म्हणतो, वडिलांचे ते सोबती. त्यांच्याकडे पुरतात आणि दगड उभा करतात. मला वाटलं, हे माझ्या बाजूने बोलतील. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "तू देऊन राह्यला, का पेरून राह्यला?"

मला काही बोलता येईना.

"आमी मातीत ठेवतो तवा तिथं नांगर नेत नाई," ते म्हणाले. "पिकासाठी ठेवलं, तं मंग तो सौदा झाला."

हा आक्षेप मला आईच्या आक्षेपापेक्षाही अवघड गेला. हाडांचा असा सौदा जगाने केलेला मला ठाऊक होता. 1842 साली इंग्लंडात जॉन लॉज यांनी हाडांवर गंधकाचं आम्ल ओतून सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं. त्याच्याही आधी युरोपातल्या रणांगणांवरची हाडं इंग्लंडच्या बंदरात खतासाठी उतरल्याच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. मेलेल्या सैनिकांची हाडं गव्हाला घातली गेली, तर ते मातीचं ऋण फेडणं झालं का? नाही, तो सौदाच झाला. मग मी बांधीत टाकलं तर ते वेगळं कशाने?

कितीतरी महिने मी यावर विचार केला. शेवटी मातीच्या त्याच स्वभावाने मला उत्तर दिलं. सौद्यात दिलेल्याचं मोल देणाऱ्याला परत मिळावं लागतं. नत्र दिला तर त्याच हंगामात पान हिरवं होतं, देणाऱ्याचे डोळे निवतात. स्फुरदाचं तसं नाही. ते जिथे पडलं तिथून जेमतेम हलतं, मातीने धरलेलं वर्षानुवर्षं राहतं, आणि कुणाच्या तरी काळात, कुठल्या तरी आषाढातल्या पाण्याने, कुठल्या तरी तुरीच्या मुळाने सुटतं. आज मी जो भात खातो त्यात आजोबांनी गाडीने ओतलेल्या बोडीच्या गाळाचा अंश आहे, आणि मी टाकलेलं ज्याच्या ताटात जाईल त्याचं नाव मला ठाऊक नाही. मातीला दिलेलं देणाऱ्याच्या हाती हिशेबाने परत येत नाही, म्हणून ते देणं आहे. निष्काम व्हायला मला मनाशी फार झगडावं लागलं नाही. खरडी मातीनेच ती सोय करून ठेवली आहे.

मग कळलं की तीन ऋणांच्या यादीत मातीचं ऋण वेगळं का सांगितलेलं नाही. ते पितृऋणातच आहे. पूर्वजांनी जे दिलं ते मातीत कोंडलेलं आहे, आपण ते सोडवून घेऊन खातो आणि पुढच्यांसाठी ठेवतो. ते माझं एकट्याचं नाही, सातबाऱ्यावर माझं नाव असलं तरी. आमच्यापासून जवळच मेंढा (लेखा) आहे. त्या गावाने 2013 मध्ये 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. तेव्हा आम्हा आजूबाजूच्या लोकांना ते फार धाडसाचं वाटलं. आज वाटतं, मातीतल्या देण्याचा नीट हिशेब मांडला तर माणूस त्याच निष्कर्षाच्या जवळ येतो.

आणि आईचं वाहणं? तेही खोटं नाही. वैनगंगा खाली चपराळ्याजवळ वर्धेला भेटून प्राणहिता होते, सिरोंच्याला गोदावरीत मिळते, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. तिथे गेलेलं स्फुरद तळाशी बसतं. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला स्फुरदाच्या खडकाची जी खाण आहे, तो खडक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात असाच तळाशी साचलेला आहे. म्हणजे नदीत सोडलेल्या अस्थीही मातीकडे परत येतात. फक्त त्या परतण्याला माणसाचा काळ पुरत नाही, त्याला पृथ्वीचा काळ लागतो. आईला हे मी माझ्या परीने सांगितलं. ती म्हणाली, "मंग त घाई कायची आहे?"

शेवटी मी दोघांचंही ऐकलं. अस्थींची एक लहान पुरचुंडी मार्कंड्याला नेऊन वैनगंगेत सोडली. आई सोबत होती, तिने स्वतःच्या हाताने सोडली. उरलेलं मातीच्या मडक्यात घरी ठेवलं. उन्हाळ्यात बांधीच्या कोपऱ्यात, उकिरड्यापासून दूर, मी नवा खड्डा खणला. तो शेणाने सारवून घेतला. त्यात दीड गाडी शेण घातलं, बरोबर दीड, आणि मधल्या थरात ती पूड. थोरले काका आले नाहीत. दादा आले. उभे राहिले, खाली वाकून मूठभर माती उचलली आणि वरून टाकली. काही बोलले नाहीत. जूनमध्ये ते खत मी तिन्ही एकरांत पसरवलं, एका जागी नाही. एका जागी ढीग केला असता तर ते पुन्हा माझ्याच आठवणीसाठी झालं असतं.

आता दर दोन वर्षांनी मी माती तपासून घेतो. जस्त विसरत नाही. धुऱ्यावर तूर लावतो. वडिलांच्या अस्थींनी त्या अहवालातला आकडा हलला का, असं एका तरुण अधिकाऱ्याने मला आस्थेने विचारलं होतं. अर्ध्या किलोने तीन एकरांचा आकडा हलत नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "आकड्यासाठी टाकलंच नव्हतं."

आई आता नव्वदीला टेकली आहे. तिने मला बजावून ठेवलं आहे, "मले मातर सारीच्या सारी मार्कंड्याले ने." मी हो म्हटलंय आणि ते मी पाळणार आहे. पण गेली काही वर्षं एक गोष्ट मी पाहतो. चुलीची राख ती पूर्वी घरामागच्या उकिरड्यावर टाकायची. आता ती डालग्यात साठवते, आणि मृग लागायच्या आधी एका सकाळी, कमरेत वाकलेली असूनही, ते डालगं नातवाच्या हाती देऊन स्वतः त्याच्यासोबत बांधीपर्यंत चालत जाते. धुऱ्यावर उभी राहून त्याला सांगते, "इथंबी टाक. थे कोपरा राह्यला पाय, तिथंबी."